ताईचे तीसपैकी अकरा

६ फेब्रुवारी

...आणि कपाळाचा मुद्दा काल राहूनच गेला. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या बायका कपाळ मोठं दिसावं म्हणून समोरचे केस उपटत होत्या. एकेक करून! आम्ही पार्लरमधे अप्परलिपले बोंबलतो आणि त्या बाप्पा अख्खी हद्दच मागं सरकवत होत्या.

२६ तारखेले कॉलेजमधे माझं प्रेझेंटेशन आहे. पंधरा मिनिटं, पंधरा मार्क. विषय: रेनेसांसच्या काळात सुंदर बाई म्हणजे कशी बाई. बाकीच्या पोट्ट्यांनी घुमट घेतले, चर्च घेतले, राजे घेतले. मी म्हटलं आपण बायका घेऊ.

आज मले यादी सापडली. तेव्हा अशा याद्या फिरत होत्या म्हणे. तीन गोष्टी गोऱ्या पाहिजे: कातडी, दात, हात. तीन काळ्या: डोळे, भुवया, पापण्या. तीन लाल: ओठ, गाल, नखं. तीन लांब: अंग, केस, बोटं. तीन आखूड: दात, कान, पाय. असं करत करत तीस. आणि केस सोनेरी, पण भुवया मात्र काळ्या! म्हणजे देवानं दिलं तसं कोणालेच चालणार नाही, काही ना काही रंगवावंच लागणार.

ही वही आईनं आणली. म्हणे, "इंग्लिश मीडियममधे घालून पोट्टीचं मराठी गेलं, रोज एक पान लिहीत जा. उद्या सासूले चिठ्ठी कोण लिहिन?" सासूले चिठ्ठी कोण लिहिते आजकाल? पण मजा येऊन राहिली. फक्त एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत मी अजून फसते.

७ फेब्रुवारी

प्रयोग पहिला. सपशेल आपटला.

व्हेनिसच्या बायका केस सोनेरी करायले गच्चीवर बसत. डोक्यावर अशी टोपी की जिले वरचा भागच नाही, नुसती कड. केस भोकातून वर काढायचे, कडेवर पसरायचे, त्यांले काहीतरी चोपडायचं आणि तासनतास उन्हात बसायचं. चेहरा सावलीत, केस उन्हात. मी विचार केला, त्यांच्याजवळ पाणी होतं, आपल्याजवळ ऊन आहे. अर्धं काम तर झालेलंच आहे.

आईच्या एका जुन्या टोपलीचं बूड कापलं. दोन निंबू, चार संत्री पिळली. अकरा ते एक गच्चीवर. आई कपडे वाळत घालायले वर आली आणि पाहतच राहिली.

"मयुरी, हे काय वाळवण घातलं वं?"

"आई, इटलीत असंच करत होत्या."

"टोपली कोणाची कापली?"

"इटलीत..."

"टोपली कोणाची कापली म्हटलं!"

पाऊण तासानं मुंग्या आल्या. मग मधमाश्या. केस खराट्यासारखे झाले, सोनेरी एक पण नाही, आणि टोपली वाकडी बसल्यामुळे नाकाचा शेंडा मात्र लाल झाला.

संध्याकाळी ताई ड्यूटीवरून आली. कामिनीताई, माझी मोठी बहीण, अठ्ठावीसची. खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनमधे आहे. डोक्यावर हेल्मेट, पायात जेन्ट्सचे सेफ्टी शूज, कारण लेडीजमधे तिचा नंबरच भेटत नाही. तिनं माझ्या डोक्याचा वास घेतला.

"रंग काही आला नाही, पण वास मस्त येऊन राहिला. चाटू का?"

आणि हसली. ताई हसली की शेजारच्या घरातले लोक पण विचारतात, काय झालं म्हणून.

९ फेब्रुवारी

या घरात इंग्लिश मीडियमची म्हणून सगळे कागद माझ्याकडे. गॅसचा फॉर्म मी, आईचा चष्म्याचा क्लेम मी, आणि आता ताईचा बायोडाटा पण मी.

आई मागं उभी राहून म्हणे, "उंची पाच फूट पाच लिही."

"आई, ती पाच आठ आहे."

"पाच आठ वाचून पोट्टे पळतात. इतकी वर्षं पोरीले पाहाले कोणी आलंच नाही, कागदच पळवून राहिला."

मी लिहिलं पाच पाच. दुकानातून पाच प्रती काढून आणल्या. ताईनं वाचलं आणि म्हणे, "आणि लग्नानंतर काय करू? गुडघ्यात वाकून राहू?"

बाबा पेपर वाचता वाचता बोलले. बाबा, म्हणजे शालिकराम, गांधीबागच्या ठोक कापडाच्या दुकानात आहेत. आमच्या घरी आजोबांपर्यंत हातमाग होता, बाबा लहानपणी त्याच्यावर बसलेले. ते म्हणे, "कापडाच्या थानात तीन इंच चोरले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन उभं राहते. मग तोंड कुठं लपवाचं?"

पुन्हा दुकानात जाऊन पाच आठच्या प्रती काढल्या. जुन्या पाच पाठकोऱ्यात गेल्या. पाठकोरे म्हणजे एका बाजूनं छापलेले, पाठीमागून कोरे कागद. टीव्हीच्या टेबलाखाली बाबांचा खोका आहे त्यांचा. माझी सातवीपासूनची सगळी गणितं लग्नपत्रिकांच्या पाठीवर झाली. आमच्या घरी पाठकोरा फेकणं म्हणजे भाकर फेकणं.

१० फेब्रुवारी

आज प्रॅक्टिकल. यादी खऱ्या बाईवर लावून पाहिल्याशिवाय प्रेझेंटेशनले काय अर्थ? ताई रात्रपाळी करून दिवाणावर लोळली होती. मी बाबांचा टेप आणि एक पाठकोरा घेतला.

"काय करून राहिली वं?"

"माप घेऊन राहिली. झोप तू."

"पाय कितीचा?"

"सव्वादहा इंच. आखूड पाहिजे होता."

"मग काप," म्हणे आणि कूस बदलली.

कान मोठे, शून्य. हात गोरे, शून्य. अंगठ्याजवळ ग्रीसचा डाग आहे, तो साबणानं जातच नाही. नखं लाल, शून्य. ती तर नखं ठेवतच नाही. अंग लांब, पाच फूट आठ, पूर्ण मार्क! कपाळ रुंद, पूर्ण मार्क. भुवया, पापण्या, डोळे, तिन्ही काळे, तिन्ही मार्क. तोंड लहान पाहिजे, तर हिचं हसताना कानापर्यंत जाते, शून्य. त्याच्यापुढं मी कंसात पण काहीतरी लिहिलं. बेरीज: तीसपैकी अकरा.

"आणि तुझे किती?" ताईनं डोळे न उघडता विचारलं.

"माझे नंतर. मी अभ्यासक आहे."

१२ फेब्रुवारी

बाबांले लॅपटॉपवर इटलीच्या बायकांची चित्रं दाखवली. म्हटलं, मान पाहा, कपाळ पाहा, चेहरा पाहा कसा दुधासारखा. त्यांनी चष्मा वर केला आणि बाहीच पाहत बसले.

"मखमल आहे. इथं पाहा, उजेड आडवा पडला की रंग बदलते. चित्रवाल्याले कापड कळत होतं."

"बाबा, चेहरा!"

"चेहऱ्याचं मले नाही समजत. पण हा अंगरखा पोरीच्या मापाचा नाही. खांद्यावरून उतरून राहिला. कोणाचा तरी मागून आणला."

मी हसली. मग पुस्तकात पाहिलं तर खरंच! फ्लॉरेन्समधे लग्नाच्या वेळी नवरदेवाकडचे लोक भारी कपडे-दागिने नवरीच्या अंगावर घालत आणि कितीतरी वेळा नंतर परत घेऊन जात. बाबा इटलीले गेले नाही, मॅट्रिकच्या पुढं गेले नाही, आणि खांद्याच्या एका सुरकुतीवरून त्यांनी सांगितलं. हे मी प्रेझेंटेशनमधे घालणार.

दुसरी बातमी. बाबांचे मित्र मधुकरराव काका, जे रिटायर झाल्यापासून फुकटात लग्नं जुळवत फिरतात, ते एक स्थळ घेऊन आले. सुशील, तीस वर्षांचा. नरखेड तालुक्यात संत्रा-मोसंबीची बाग, कलमं बांधून रोपं विकते. आईवडील नाहीत, आजीनं वाढवलं. आजीचं नाव रुख्माबाई, आणि तिच्या हो शिवाय घरात पंखा पण लागत नाही म्हणे.

फोटो पाहिला. हातात कलम घेऊन उभा आहे. कान हे असे बाहेर. आणि नरखेड! नकाशात पाहिलं तर मध्य प्रदेश लागूनच आहे.

ताईले काही विशेष वाटलेलं दिसत नाही. तिनं फोटो एकदाच पाहिला, फक्त जरा वेळ पाहिला. त्याचा बायोडाटा तिच्या डब्याच्या पिशवीत ठेवला. तेल सांडते ना, खाली अंथरायले घेतला असेल. रात्री सहज विचारलं तिनं, "नरखेडले पॅसेंजर किती वाजता असते वं?" सहजच.

मी म्हटलं, मले काय माहीत. नरखेडले कोण जाते?

१३ फेब्रुवारी

आज सुट्टी होती. दिवसभर घरीच लोळली. सोनेरी केसांचं अजून एक प्रकरण वाचलं. एक पूर्ण वेबसिरीज पण झाली.

संध्याकाळी मधुकरराव काका येणार होते ताईचा बायोडाटा न्यायले. आई बाजारात जाता जाता सांगून गेली, की एक चांगली प्रत काढून टीव्हीवर ठेव. ठेवली. खूप घाई होती. काका आले, चष्मा घरी विसरले होते, कागदाची घडी करून प्लास्टिकच्या पाकिटात टाकला आणि गेले.

ताई ड्यूटीवरून आली ती नवीन चप्पल घेऊन. टाचवाली नाही, सपाट. म्हणे, "दोघांच्या उंचीत जास्त फरक दिसाले नको." कोण दोघं, मी विचारलं नाही. चप्पल काळी आहे, चांगली आहे.

१५ फेब्रुवारी

मी मेली. संपली. या वहीत आता कोणी लिहिणार नाही.

दुपारी मधुकरराव काकांचा फोन आला, बाबांनी स्पीकरवर टाकला.

"शालिकराम, तुह्या पोरीले पायात शून्य काहून गा?"

"काय?"

"अन् कानात शून्य. तोंडात शून्य. एकूण अकरा म्हणते इथं. हा कोणता रिपोर्ट आहे? मी तर कागद नरखेडले देऊन आलो. सुशीलनं आजीले पुढून वाचून दाखवला, मग आजी म्हणे पलटव. आता ते मले फोटो पाठवून विचारून राहिले, हे काय म्हणून!"

मी पाठकोरा ठेवला होता टीव्हीवर. तोच. पुढून पाच फूट पाचवाला जुना बायोडाटा, मागून माझं इटलीचं प्रॅक्टिकल.

आई आधी माझ्यावर ओरडली, मग बाबांवर ओरडली, "अजून जमवा पाठकोरे!" मग पदर डोळ्याले लावून बसली. बाबांनी खोका उचलून अलमारीवर ठेवला. पंधरा मिनिटांनी परत खाली आणला.

मी मुद्दाम नाही केलं. देवाशपथ.

ताई सातले आली. आईनं तिले फोनवर आलेला फोटो दाखवला. मले वाटलं आता टोपलीसारखी माझी पण कड उरणार. पण ती रागावलीच नाही. मोठा करून करून सगळं वाचलं आणि एवढंच म्हणे, "तोंड मोठं आहे का माझं?"

"ताई, ते इटलीच्या हिशोबानं..."

"हं," म्हणे. जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली. एरवी ती माझ्याकडे तोंड करून झोपते, पंखा माझ्या बाजूले आहे म्हणून.

१७ फेब्रुवारी

दोन दिवस ताई माझ्याशी बोलली नाही. म्हणजे "मीठ दे" बोलली.

आज मी पाठकोऱ्यांच्या खोक्यात हात घातला तर त्याच्यात सुशीलचा बायोडाटा. पिशवीतून काढून तिनंच टाकला असणार. तेलाचा एक डाग पण नाही त्याच्यावर, इस्त्री केल्यासारखा. म्हणजे तिले काही फरक पडलेला नाही, असं मी स्वतःले समजावलं. ती चप्पल पण डब्यात परत गेली. नाहीतरी घरात काळ्या चपला खूप आहेत.

बरं झालं एका अर्थानं. नरखेड लय दूर आहे.

पण आज ती हसली नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, कामिनी गावाले गेली का?

१९ फेब्रुवारी

ते येऊन राहिले! रविवारी. आजी स्वतः. मधुकरराव काकांले पण कळून नाही राहिलं काहून. आजी फक्त एवढं म्हणाली म्हणे, "पोरगी पाहाची आहे अन् लिहिणारीले पण पाहाचं आहे."

लिहिणारीले! मी रविवारी मैत्रिणीकडे उमरेडले जाते म्हटलं. आई म्हणे, "पाय काढून तर पाहा घराबाहेर."

ताईनं रविवारची पाळी बदलून घेतली. मी म्हटलं, सोपं नसते ना ते? ती म्हणे, "नसते."

२२ फेब्रुवारी, रविवार

सगळं नीट लिहिते, काही सोडणार नाही.

साडेदहाले आले. मधुकरराव काका, सुशील, रुख्माबाई आजी. आजी एवढीशी, पण नऊवारीत अशी बसली की आमचा सोफा तिचा वाटाले लागला. सुशीलच्या अंगात कोरा शर्ट. बाबा माझ्या कानात म्हणे, "कापड चांगलं आहे. घडी मोडली नाही अजून." कान फोटोपेक्षा पण बाहेर.

आईनं कोथिंबिरीच्या सांभारवड्या आणल्या. ताई जांभळ्या सुती साडीत आली, सरळ उभी, पाच आठच्या पाच आठ. आईनं मागून पदर ओढला, वाक जरा, म्हणून. ती वाकली नाही.

आजीनं वडी खाल्ली, हात पुसला आणि पोलक्यातून कागद काढला. तोच. चार घड्या.

"हे कोणी लिहिलं?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"काय शिकतेस वं?"

"कला... म्हणजे इतिहास... इटलीचा."

"इटलीवाल्यांची पोरगी आहे का लग्नाची?"

"नाही, आजी."

"बरं. आता हे सांग. पुढं पाच पाच, मागं पाच आठ. खरं कोणतं?"

आई वड्या मोजून राहिली. ताई म्हणे, "पाच आठ."

"मग पुढं पाच पाच काहून?"

आता बाबा बोलले. "मागचं माप खरं आहे, आजी. पुढचं चुकलं आमचं."

आजीनं मान डोलावली. "या मधुकररावानं मले वर्षभरात सतरा कागद दाखवले. सगळ्या पोरी गोऱ्या, सगळ्या सडपातळ, सगळ्या कामात हुशार. एकच पोरगी सतरा वेळा पाहिल्यासारखी वाटली मले. या कागदात पहिल्यांदा कोणीतरी दिसलं. अंगठ्याजवळ ग्रीसचा डाग. दाखव बरं."

ताईनं हात पुढं केला. आजीनं तो डाग बोटानं घासून पाहिला. "नाही निघत," म्हणे, खुश होऊन. मग तिनं कागद डोळ्याजवळ नेला आणि मोठ्यानं वाचलं, कंसातलं. मी विसरलीच होती मी काय लिहिलं ते.

"तोंड हसताना कानापर्यंत जाते. शून्य. कंसात: पण ती हसली की घरातले सगळे हसतात, हे कुठं मांडायचं माहीत नाही."

मले वाटलं फरशीनं मले गिळावं. ताईनं माझ्याकडे पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"आता हास बरं पोरी," आजी म्हणे. "तेवढंच पाहाले आली मी."

"हुकुमावर नाही येत मले हसू," ताई म्हणाली. आई मटकन खाली बसली. मग ताई म्हणे, "आणि माप काय एकटीचंच घेतात का? मयुरी, टेप आण. पाठकोरा पण आण."

मी पळत गेली, पळत आली. ताई सुशीलकडे पाहून म्हणे, "उठा."

तो उठला. मधुकरराव काका म्हणे, "अरे, हे काय..." आजी म्हणे, "गप बसा गा. घेऊ दे."

मी माप घेतलं. उंची पाच सहा. अंग लांब, शून्य.

"दोन इंच कमी आहे," ताई म्हणे.

"वरची संत्री तुम्ही तोडा," सुशील म्हणे. आल्यापासून तो पहिल्यांदा बोलला.

कान, शून्य. त्यानं स्वतःच सांगितलं, "कानाचं नका मोजू, टेप पुरणार नाही." हात गोरे, शून्य. नखं लाल, शून्य; कलमं बांधून बांधून त्याची नखं हिरवी-काळी झाली आहेत. कपाळ रुंद, एक मार्क. "अजून दोन वर्षांनी दीड द्याल," म्हणे, केसांवरून हात फिरवत. दात गोरे, एक.

"पाय?" ताईनं विचारलं.

"आठ नंबर."

"माझा पण आठ."

त्यानं जरा विचार केला. अगदी गंभीर होऊन म्हणे, "मग वावरात जायले गमबूट एकच जोडी पुरन. एक दिवस तुम्ही, एक दिवस मी."

ताई हसली.

आधी नुसती नाकातून, मग तोंडावर हात, मग हात पण पुरला नाही. मग बाबा. मग मधुकरराव काका, त्यांले तर ठसकाच लागला. आई रडता रडता हसली. बाजूच्या घरातून काकूंनी विचारलं, "काय झालं वं?"

आजीनं माझ्याकडे पाहून कागद हलवला. "याले शून्य म्हणे!"

सुशीलचे एकूण: तीसपैकी नऊ. मी त्याले दाखवले. तो म्हणे, "दोन मार्कानं मागं आहे मी यांच्या," आणि तो पाठकोरा मागून घेतला. जाताना शर्टाची घडी मोडली होती.

रात्री ताई माझ्याकडे तोंड करून झोपली.

२६ फेब्रुवारी

प्रेझेंटेशन झालं. टोपलीची टोपी घालून दाखवली, सगळे खिदळले. मग त्या बायका गोरं दिसायले तोंडाले पांढरं फासायच्या त्याच्याबद्दल सांगितलं, शिसं असायचं त्याच्यात, जिच्यासाठी लावायचं तीच कातडी खराब व्हायची. कोणी खिदळलं नाही. बाबांची खांद्याची सुरकुती सांगितली तर मॅडमनी विचारलं, हे कोणत्या संदर्भग्रंथात आहे. मी म्हटलं, गांधीबागमधे.

शेवटच्या बेंचवरून पायलनं विचारलं, "या याद्या बहुतेक माणसांनीच लिहिल्या ना? मग त्या बायका काय मोजत होत्या?" मी म्हटलं, काही बायकांनी पण लिहिलं आहे त्या काळात, पण मी अजून वाचलं नाही. खरं सांगितलं. मग मी शेवटची स्लाइड सोडून दिली, जिच्यावर "तुमचे किती?" असं लिहिलं होतं.

पंधरापैकी अकरा भेटले. अकरा माझ्या मागंच लागलं आहे.

१ मार्च

ताईनं हो म्हटलं.

सकाळी, पोहे खाता खाता. "मी हो कळवते आहे," म्हणे, आणि वरून थोडी तर्री घेतली. सगळं त्या दोघांनी फोनवर ठरवलं पण. नोकरी सोडायची नाही. खापरखेड्याच्या कॉलनीत क्वार्टर घ्यायचं, सुशील मोटरसायकलनं बागेत ये-जा करेल, तोडणीच्या दिवसांत ताई सुट्टी घेऊन तिकडे जाईल. आजी म्हणाली, मी माह्या वावरातून हलणार नाही, तुम्हीच येत जा. लग्न मे मधे. उंची पत्रिकेवर लिहायची नसते, हे किती चांगलं आहे.

मी आनंदी आहे. लिहूनच ठेवते, मी आनंदी आहे. खापरखेडा काही दूर नाही. खोली आता पूर्ण माझी. पंखा तर आधीच माझ्या बाजूले होता.

संध्याकाळी ताईनं टेप काढला. "अभ्यासक, उभी राहा." काही सोडलं नाही तिनं, नखं पण मोजली. माझे तीसपैकी दहा. तिच्यापेक्षा एक कमी! मी म्हटलं, टेप जुना आहे, ताणला गेला आहे. ती हसून हसून दिवाणावर पडली.

मग टेप गुंडाळता गुंडाळता म्हणे, "एक विचारू? पाठकोरे खालच्या खोक्यात असतात. चांगल्या प्रती फाइलमधे होत्या. मग तो कागद टीव्हीवर कसा गेला वं?"

"चुकून," मी म्हटलं. "घाई होती."

"हं," म्हणे. रागावली नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अजून संत्र्याचा वास येते म्हणे, आणि सुशीलचा फोन आला म्हणून गच्चीवर गेली. अर्धा तास झाला. इथपर्यंत हसू ऐकू येऊन राहिलं आहे.

मी आत्ता १३ तारखेचं पान उघडून पाहिलं. सुट्टी होती, दिवसभर लोळली, आणि खाली माझ्याच अक्षरात, खूप घाई होती.

ते पान तू पण वाचलं आहेस. खरं सांग, तुले काय वाटते, चुकूनच ठेवला असेल ना मी तो कागद?